वेंडेल आजोबांची बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. मिशिगन सरोवराच्या काठी, चेरीच्या बागेत माझं आयुष्य सुरू झालं. कुठल्या कारखान्यात मला ठोकून आकार दिला, ते आता आठवत नाही. आठवतो तो चेरी तोडणाऱ्यांच्या गळ्यातला पट्टा. त्याला मी लटकायचे आणि संध्याकाळपर्यंत आंबट रसाने आतून चिकट व्हायचे. पुढे झाडंच गदागदा हलवून फळं पाडणारी यंत्रं आली. मग आम्हा बादल्यांना कोण विचारतो! कोठाराच्या कोपऱ्यात मी गंजत पडले.

तिथून मला उचललं वेंडेल आजोबांनी. पाणी निथळावं म्हणून त्यांनी माझ्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली आणि मला किनाऱ्यावर नेलं. आजोबा दगड वेचायचे. साधेसुधे नव्हेत हं! कधीकाळी इथे समुद्र होता. त्यातली पोवळी दगड होऊन बसली आहेत. कोरडा असताना तो दगड करडा, कुणीही लाथाडावा असा. ओला झाला की अंगभर षट्कोनी घरं उमटतात आणि घराघरात एक काळा डोळा. आजोबा थुंकी लावून बघायचे. नात कॅरिन "शी!" म्हणून ओरडायची.

"शी काय? तुझ्या आजीला मागणी घातली तेव्हा अंगठी नव्हती, असाच दगड दिला होता."

"थुंकून?"

"मग! त्याशिवाय चमकतो का?"

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात खपत नसे, गोठलेल्या किनाऱ्यावर कुणी पाऊल टाकणं. हिवाळ्यात लाटांचे तुषार गोठतात आणि काठापासून पुढे बर्फाच्या टेकड्या उभ्या राहतात. वरून भक्कम, खालून पोकळ. "ती जमीन नव्हे, तोंड आहे ते," आजोबा नातवंडांना बजावायचे.

एका शरद ऋतूत आजोबा गेले. कॅरिनने ठरवलं, त्यांच्या वाढदिवशी थडग्याभोवती या दगडांची कड लावायची. वाढदिवस मार्चमधला, आणि किनारा अजून बर्फाखाली.

"बर्फ सुटू दे," हॅटी आजी म्हणाली. "म्हातारा आता कुठे पळून जातोय?"

"पण वाढदिवस मार्चमध्येच येतो ना, आजी!"

"मग मे महिन्यात कर. जन्मभर सगळीकडे उशिरा पोचला तो. त्याला काही वाटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला खुंटीवरून काढलं. धाकटा भाऊ निल्स मफलर गुंडाळत तिच्यामागे धावला.

त्या दिवशी वारा पडला होता. पाणी शाईसारखं काळं, आणि पक्षी एकही नाही. मला ती शांतता आवडली नाही. बर्फाच्या पार कडेला लाटांनी वर फेकलेले ओले दगड पडले होते. सगळे डोळे उघडे. कॅरिन त्यांच्याकडे चालू लागली.

"ताई, पुरे. मागे ये," निल्स काठावरून म्हणाला.

"भित्रा ससा! आजीने पढवून पाठवलंय वाटतं?"

"आजोबांनी पढवलंय. तुलासुद्धा."

ती हसली आणि पहिला दगड माझ्यात टाकला. दुसरा. तिसरा. बर्फाखाली कुणीतरी मोठा घोट गिळावा तसा आवाज झाला. पत्र्याला कंप आधी कळतो, मित्रांनो. मला कळलं होतं. पण मला वाचा कुठली?

मग बर्फ उघडला.

कॅरिन छातीपर्यंत आत गेली. मी भोकावर आडवी अडकले आणि तिने माझी कडी धरली. निल्स पोटावर सरपटत आला, त्याने मफलरचं टोक फेकलं.

"बादली सोड! हे धर!"

"आजोबांची आहे रे ती!"

"आजोबा गेले, ताई! तू चल!"

मी कलू लागले होते. कडी तिच्या बोटांतून सुटली की तिने सोडली, ते मला आजवर समजलेलं नाही. बर्फाच्या दोन लाद्यांच्या मध्ये तिचं मनगट सापडलं, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि काळं पाणी माझ्यावर मिटलं.

मे महिन्यात, स्वच्छ उथळ पाण्यातून, ती मला दिसली. हात प्लास्टरमध्ये. पाण्याला तिने पाऊलही लावलं नाही. हॅटी आजी वाकून वाकून ॲप्रनच्या ओच्यात दगड भरत होती.

"वाळले की करडेच दिसतील गं," कॅरिन म्हणाली.

"दिसू देत. पाऊस येईल तेव्हा तो बघेल."

मित्रांनो, गेलेल्या माणसाची आठवण जरूर जपा. पण त्याने जिथे जाऊ नका म्हणून सांगितलं, तिथे त्याच्यासाठी फुलंही घेऊन जाऊ नका.

त्यानंतर किती हिवाळे गेले! दर वर्षी माझ्यावर पांढरं छप्पर धरतं आणि उजेड विझतो. आज वर पावलं वाजताहेत. दोघंजण आहेत, हसताहेत. प्रत्येक लाटेबरोबर मी शेजारच्या खडकावर आपटते आहे, जमेल तितक्या जोराने. ऐकू येतंय ना? मागे फिरा, बाळांनो. मागे फिरा.