सॅम्युएलला सगळं येतं

फॅक्समधून कागद अर्धाच बाहेर आला होता, पण परमिट नाकारलंय हे शोभनानं तेवढ्यावरच ओळखलं. मंजुरीच्या मागे अटींची लांबलचक यादी असते, शिक्के असतात. नकाराला चार ओळी पुरतात. सरकार कुठलंही असो, नाही म्हणायला त्याला कागद कमी लागतो.

तिनं कागद ओढून घेतला, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि त्र्यंबक शिरदवाडे या नावाच्या फायलीत लावून टाकला. मग मायक्रोवेव्हपाशी जाऊन डबा गरम केला. दुधीची भाजी होती. ती जेवली. आपल्याला काहीच वाटत नाहीये, हे डबा धुताना तिच्या लक्षात आलं.

शोभना रेगेचं ऑफिस ईडन प्रेरीत, हायवेला लागून. कंपनीची दोन मोठी हॉटेलं कॅरिबियनमधल्या एका बेटावर होती आणि तिथं कामाला आणलेल्या परदेशी माणसांची वर्क परमिटं काढणं हे शोभनाचं काम. म्हणजे लग्न करून अमेरिकेत आलेली एक परदेशी बाई मिनेसोटाच्या बर्फात बसून, आणखी कुठल्या परदेशी माणसांना तिसऱ्याच देशात राहायची परवानगी मिळवून देत होती. नातेवाइकांना हे समजावताना तिची दमछाक व्हायची. शेवटी ती ‘एचआरमध्ये आहे’ एवढंच सांगायला लागली. बेट तिनं कधी पाहिलं नव्हतं. कंपनीचं समुद्रकिनाऱ्याचं कॅलेंडर समोर टांगलेलं असायचं, त्याचं पान उलटायचंही ती विसरायची.

बेटाचे नियम कडक होते आणि खरं तर रास्तच होते. आधी तिथल्या पेपरात जाहिरात द्यायची. बेटावरचा कुणी मिळाला नाही, तरच बाहेरचा आणायचा. त्यानं आपलं काम एका स्थानिक माणसाला शिकवायचं, आणि परमिटचं नूतनीकरण करताना त्या शिकवणीचा अहवाल दरवर्षी पाठवायचा.

त्र्यंबक शिरदवाडे हा मूळचा मिरजेचा पंप मेकॅनिक. आधी मस्कतला होता. हॉटेलच्या, समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवरचे पंप सहा वर्षं त्याच्या ताब्यात होते. पहिल्या वर्षी शोभनानं त्याचा अहवाल दोन वाक्यांत उरकला होता, तो परत आला. तेव्हापासून ती त्याला फोन करून त्याच्या हाताखालच्या सॅम्युएलबद्दल सगळं विचारून घ्यायची. हा फोन मराठीत व्हायचा, त्यामुळे लांबायचा.

“सॅम्युएलला यंदा काय शिकवलंत, त्र्यंबकराव?”

“यंदा सील बदलायला शिकला बघा, ताई. एकट्यानं. मी नुसता बाजूला हुभा.”

हे ती छान इंग्रजीत लिहायची. लिहिता लिहिता हात सैल सुटायचा. हुशार मुलाचं प्रगतिपुस्तक भरणाऱ्या बाईंसारखी ती एकेक विशेषण चढवायची. त्याच प्लांटवरचा इलेक्ट्रिशियन हातचं राखून शिकवायचा. त्याचा मदतनीस अजून फ्यूजपाशीच अडकलेला, आणि त्याचं परमिट मात्र दरवर्षी बिनबोभाट व्हायचं. त्र्यंबकनं काही राखलं नाही. शोभनानंही नाही.

आता नकारात लिहिलं होतं : आपल्याच अहवालांवरून स्थानिक उमेदवार पूर्णपणे तयार झालेला दिसतो. सबब परदेशी कर्मचाऱ्याची गरज उरलेली नाही. मार्चअखेर बेट सोडावं.

तिची बॉस डेब्रा दारातच उभी राहून म्हणाली, “अपील करता येईल. माणूस अजून तयार नाही, एकट्यावर प्लांट सोपवता येणार नाही, असं त्या मेकॅनिककडून लिहून घे. एक सही लागेल. हा राहिला काय, तो आला काय, आपल्याला दोन्ही चालतं. तू बघ.”

शोभनानं फोन लावला. बातमी सांगितली.

“माझी हिमानी शेवटच्या वर्गात आहे, ताई,” त्र्यंबक म्हणाला. “परीक्षा जूनमध्ये. मार्चमध्ये उठायचं म्हटलं तर पोरीचं वर्ष गेलं की.”

“म्हणूनच अपील करू या. तुम्ही फक्त सही करायची. सॅम्युएलला अजून वर्षभर तरी ट्रेनिंग लागेल, एवढंच लिहायचं. अपील चालू असेपर्यंत तुम्हाला तिथं राहता येतं. तेवढ्यात परीक्षा होऊन जाईल.”

“मग सॅम्युएलचं काय?”

“त्याचं काय व्हायचंय? आहे तिथंच राहील, मदतनीस म्हणून.”

“बायकोशी बोलून सांगतो,” तो म्हणाला.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला हे सगळं सांगितलं. राजीव टीव्हीवरची बर्फाची सूचना बघत होता.

“तू रूल्सप्रमाणे केलंस ना? मग झालं. इतकं मनाला लावून घेऊ नकोस यार.”

“मी मनाला लावून घेतच नाहीये,” शोभना म्हणाली. “तेच तर सांगतेय तुला. सहा वर्षं बोलतोय आम्ही. त्याचं परमिट गेलं आणि मी डबा खाल्ला.”

“मग काय उपास करायचा होता?”

तिनं ताटं उचलली.

अपिलाची मुदत दोन आठवड्यांची होती. तिनं मसुदा करून ठेवला. वाईट लिहायलाही तिचा हात तितकाच चालतो, हे तिला त्या दिवशी कळलं. सॅम्युएल घाईनं काम करतो, पाण्याचा दाब वाचण्यात चुकतो, रात्रपाळीला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. अर्ध्या तासात तिनं एक चांगला माणूस कामातून उठवला, मग स्पेलिंग तपासलं. त्या सॅम्युएलचा तिनं आवाजही कधी ऐकला नव्हता.

आठवडा उलटला तेव्हा त्र्यंबकचा फोन आला.

“ताई, मला सही जमायची नाही.”

“का? बायको नको म्हणाली?”

“ती तर करा म्हणते. दोन दिस बोलत नाहीये माझ्याशी.”

“मग?”

“नाताळात सॅम्युएलच्या घरी जेवाय बोलावलं होतं आम्हाला. त्याची आई म्हणाली, माझ्या लेकाला काम येतं का हो? मी म्हटलं, आता त्याला सगळं येतं, माझ्यावाचून काही अडत नाही. म्हातारी उठून उभी राहिली, माझा हात धरला. आता तिच्याच गावात लिहून देऊ, येत नाही म्हणून?”

“कुणाला कळणार आहे? परमिट देणाऱ्या बोर्डाच्या फायलीत पडून राहील ते.”

“बेट केवढं, ताई! बोर्डावर त्यांचेच मामे-मावसे असतात. आणि कळलं नाही तरी मी रोज त्याच्या शेजारी उभा राहणार की.”

शोभनाला त्याचा राग आला. कित्येक महिन्यांत तिला कुणाचा इतका राग आला नव्हता. समोर असता तर ती त्याला गदगदा हलवून बोलली असती.

“त्र्यंबकराव, मुलीचं वर्ष जातंय. तिचा विचार करा. तुम्ही काही लिहू नका, मी लिहून ठेवलंय सगळं. तुम्ही नुसती सही करा.”

“तुम्ही लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार,” तो म्हणाला. “आजवर चांगलंच लिहिलंत.”

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच तिला ते लागलं. तिनं फोन ठेवला आणि मसुदा पुसून टाकला. मुदत संपली त्या दिवशी फायलीवर ‘अपील नाही’ असं लिहून ती पार्किंगमध्ये गेली आणि काचेवरचा बर्फ खरवडायचं विसरून बराच वेळ गाडीत बसून राहिली.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिकिटं काढली, तीही लंडनवरून, कारण मायामीवरून जायला अमेरिकेचा व्हिसा लागला असता. हिमानीच्या शाळेनं मिरजेत परीक्षेचं केंद्र नाही असं कळवलं. ते पत्र शोभनानंच त्र्यंबकला वाचून दाखवलं. “बरं,” एवढंच तो म्हणाला. सॅम्युएलच्या नेमणुकीसाठी शोभनाला काहीच करावं लागलं नाही. त्याला परमिट लागत नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे त्याची फाइलच नव्हती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला. मागे प्रचंड घरघर होती.

“ताई, पंपहाउसमधून बोलतोय. उद्या निघायचं. ऐकू येतंय का?”

“येतंय. बोला.”

“बोलायचं काही नाही. आज मी कशाला हात लावला नाही बघा. सकाळपासून नुसता हुभा आहे. तुम्ही एवढं लिहिलंत ह्याच्याबद्दल, म्हटलं एकदा ऐका तरी. आता सॅम्युएल मोठा पंप बंद करणार आणि दुसऱ्यावर लोड घेणार. धरा हं.”

त्यानं रिसीव्हर कुठंतरी ठेवला असावा. पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग ती घरघर खाली खाली येत गेली आणि थांबली. लांबून कुणीतरी इंग्रजीत एक आकडा ओरडून सांगितला. जाडसर, तरुण आवाज. त्र्यंबकनं उत्तर दिलं नाही. त्यानं पुढं व्हावं, काहीतरी सांगावं असं शोभनाला वाटत होतं.

डेब्रा नवीन माणसाची फाइल घेऊन दारात आली. शोभनानं एक हात वर करून तिला तिथंच थांबवलं.

दुसरा पंप एकदा खोकला, आणि मग एका लयीत सुरू झाला. फोनपाशी कुणी परत आलं नाही. शोभनानं रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला.