बारा किलोमीटरचे खोटे

मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. सायकल म्हणतात म्हणून म्हणायचे. मला चाक एकच, तेही जड लोखंडाचे आणि जमिनीपासून वीतभर वर अडकवलेले. घंटी नाही, दिवा नाही, मागे सामान ठेवायला जागा नाही. माझ्यावर बसून आजवर कोणी कुठे पोहोचलेले नाही.

मित्रांनो, ज्या कारखान्यात मी घडले, तिथे शेजारच्या रांगेत रस्त्यावरच्या सायकली तयार होत. चाके बसली की कामगार त्यांना सीटला धरून दारापर्यंत चालवत नेत. त्या दारातून बाहेरचा रस्ता दिसे. मला मात्र सुटे सुटे करून खोक्यात भरले आणि वरून चिकटपट्टी मारली. तेव्हा मला त्या सायकलींचा हेवा वाटला. खरे सांगायचे तर आजही वाटतो.

खोके उघडले ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातल्या आतल्या खोलीत. घर होते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचे. सगळी इमारत त्यांना घड्याळकाका म्हणे. त्यांची बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसे, तिला मी काकू म्हणते. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. काकांचे दुकान याच रस्त्याच्या टोकाला होते. मी येण्याच्या दोन महिने आधी दुपारी जेवायला घरी येताना जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्यांच्या छातीत कळ आली. मग दवाखाना झाला, शस्त्रक्रिया झाली. त्यांना घरी आणले ते खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. तेव्हापासून काका एकदाही खाली उतरले नव्हते. दुकानाला कुलूप होते.

डॉक्टर घरी येऊन तपासून जात. त्यांचे बोलणे साफ होते. "हृदय आता ठीक आहे. पायांत जोर नाही आणि दम पुरत नाही. रोज अर्धा तास सायकल चालवा. तीन महिन्यांत जिना चढाल, दुकान उघडाल. बसून राहिलात तर मात्र कायमचे बसाल."

म्हणून लेकीने मला पाठवले आणि जावयाला मला जोडायला धाडले. जावईबापू उत्साही होते. त्यांनी शेवटच्या बोल्टची चाकी इतक्या जोराने आवळली की तिच्या कडाच झिजून गोल झाल्या. आता ती कोणत्याही पान्याने सुटत नाही. त्याच आठवड्यात सुताराने दारामागे नवे कपाट ठोकले. त्यामुळे दार अर्धेच उघडते. माणूस तिरका होऊन आत येतो, मी मात्र तिरकी होऊ शकत नाही. मला ना सुटी करता येत, ना बाहेर काढता येत. ही खोली, समोरची भिंत आणि भिंतीवरचा एक खिळा, एवढेच माझे जग झाले.

पहिले चार दिवस माझे कौतुक विचारू नका. काकांनी नवे बूट घातले. भिंतीवर कागद लावून त्यावर रकाने आखले. दुसऱ्याच दिवशी अर्ध्याऐवजी पाऊण तास चालवले. पाचव्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की ते माझ्याजवळ आले, सीटवर हात ठेवून उभे राहिले आणि परत गेले. सहाव्या दिवशी म्हणाले, "सोमवारपासून." सोमवारी म्हणाले, "एक तारखेपासून." माझ्या हँडलवर टॉवेल आला, मग शर्ट आले, मग काकूंची छत्रीही आली.

लोकांना वाटते, अशा वेळी माणूस आळशी असतो. मला तसे वाटत नाही, कारण माझ्या हँडलवर त्यांचे तळवे असत. चाक जरा जोरात फिरले, श्वास जरा वाढला की त्या तळव्यांना घाम फुटे आणि पकड घट्ट होई. ते चटकन पाय थांबवत. हृदयाचे ठोके कमी होईपर्यंत डोळे मिटून बसत. त्यांना व्यायामाचा कंटाळा नव्हता. त्यांना धाप लागण्याची भीती वाटत होती.

दर रविवारी लेकीचा फोन येई. ती एकच प्रश्न विचारी. "बाबा, मीटर किती झाला?"

माझ्या हँडलच्या मधोमध एक छोटा मीटर आहे. चाक फिरेल तसा तो किलोमीटर मोजतो. तो एकतीसवर येऊन दोन आठवडे थांबला होता. त्या रविवारी काका फोनच्या आधी खोलीत आले. स्टूल ओढून माझ्या डाव्या बाजूला बसले आणि हाताने पायडल फिरवू लागले. घड्याळजीच्या बोटांना कुठले चाक कशाने फिरते हे वेगळे सांगावे लागत नाही. मीटर चाळीसवर गेला. फोनवर लेक इतकी आनंदली की तिचा आवाज खोलीच्या दारापर्यंत आला.

मित्रांनो, तिथून माझी खरी कोंडी सुरू झाली. काकू कामावर गेल्या की काका स्टुलावर बसत, उजव्या हातात वर्तमानपत्र धरत आणि डाव्या हाताने मला फिरवत. पाच किलोमीटर, आठ, मग रोजचे बारा. त्यातही मेहनत होतीच. त्यांचा डावा हात असा तयार झाला की घरातल्या घट्ट बसलेल्या बरण्या काकू त्यांच्याकडेच आणून देत. पाय मात्र तसेच काटकुळे राहिले.

आणि माझी स्तुती होऊ लागली. शेजारच्या मास्तरीणबाई खास मला बघायला आल्या. "रोज बारा किलोमीटर? या वयात? आमच्याकडे दुधाच्या पिशवीसाठी खाली जायचं तर दोघं एकमेकांकडे बघत बसतो." काकूंनी माझी काच ओल्या फडक्याने पुसली. मला बोलता येत असते तर मी तिथल्या तिथे सांगून टाकले असते. पण माझे तोंड म्हणजे तो मीटर. त्याच्यावर तर खोटेच लिहिलेले होते. अशी लाज मला कपड्यांखाली दडपून गेले होते तेव्हाही वाटली नव्हती.

तीन महिने भरले. आकडा पाहून डॉक्टर म्हणाले, "उद्याच उतरा. परत येताना एका दमात वर आलात तरी हरकत नाही." काकूंनी रजा काढली, दुकानाची धूळ झाडून घेतली. निघताना काकांनी खोलीत येऊन माझ्याकडे एकदा पाहिले. त्या नजरेने मला अजून कसेसेच होते.

उतरणे झाले. चढताना तिसाव्या पायरीवर त्यांचे पाय लटपटले आणि ते खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी, अंगाला दरदरून घाम. पुन्हा खुर्ची आली, पुन्हा चौघांनी उचलले. मला खोलीत नुसते आवाज ऐकू येत होते. "सावकाश, सावकाश, कोपरा सांभाळा."

संध्याकाळी डॉक्टर आले. पलीकडच्या खोलीतले त्यांचे बोलणे मी शब्दन् शब्द ऐकले. "रोज बारा किलोमीटर चालवणारा माणूस तीस पायऱ्यांत बसतो, याचा अर्थ आत पुन्हा काहीतरी अडलंय. शुक्रवारी दाखल करू. तपासणीत तसं दिसलं तर छाती परत उघडावी लागेल."

सोमवार होता तो. मंगळवारी काका गप्प होते. बुधवारीही गप्प होते. शुक्रवार जवळ येत होता. एक माणूस बरा असूनही कापला जाणार होता आणि ते माझ्या चाकामुळे. मी तिथे उभी होते, पोटात सगळे ठाऊक असून. जागचे हलता न येण्याचे दुःख मला नवे नव्हते. पण त्या तीन दिवसांत मला ते सोसवेना.

गुरुवारी सकाळी काकू कपाटातून बॅग काढायला आल्या. तोल सावरायला त्यांनी माझ्या सीटवर हात टेकला. हात उचलला तर सीटवर पाच बोटांचा ठसा. तळहाताला धूळ. त्या जराशा थांबल्या. मग खाली वाकल्या. डावे पायडल घासून चकचकीत झालेले, उजव्यावर धुळीचा थर. टपालातल्या बाई त्या, रोज शेकडो शिक्के बघतात. त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

"अहो, जरा इकडे या." काका दारातून तिरके होऊन आत आले. "एकाच पायानं चालवता का तुम्ही?"

काका स्टुलावर बसले. "हातानं," ते म्हणाले.

"सगळे बारा?"

"सगळे."

काकूंनी बॅग खाली ठेवली. "आणि उद्या छाती उघडून घ्यायला निघाला होतात? एवढं सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटत होती गं. तुम्ही सगळे इतके खूश होता." मग ते हळूच म्हणाले, "पाय फिरवले की धाप लागते. धाप लागली की मला ते जिन्याचं वळण दिसतं. वाटतं, आता परत येणार. घरात कोणी नसतं."

काकू रागावल्या नाहीत. त्या त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांचा तो डावा हात हातात घेतला. मला तेव्हा हायसे वाटले. इतके हलके मला कारखान्यातही कधी वाटले नव्हते.

काकांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, त्यांनी पुन्हा सगळे तपासले आणि मग माझ्यापुढे उभे राहिले. "मी तुमचं वजन पाहिलं, रक्तदाब पाहिला, गोळ्या पाहिल्या. सायकल काही पाहिली नाही. चूक माझीही आहे." दाखल होणे रद्द झाले. जाताना त्यांनी एक गोष्ट समजावली. "चालवताना बोलत राहा. बोलता येतंय तोवर ती धाप घाबरायची नाही. बोलणं तुटायला लागलं की हळू करा." काकांनी लेकीलाही फोनवर सगळे सांगितले. मग ती म्हणाली, "मीही आकडाच विचारत होते ना, बाबा. कसं वाटतंय, हे एकदाही विचारलं नाही."

काकूंनी माझ्या मीटरमधला सेल काढून टाकला. त्याची काच कोरी झाली. आता माझ्याकडे सांगायला काहीच उरले नाही आणि मला ते फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून नवा नेम सुरू झाला. सकाळी काकू दूध तापत ठेवत आणि स्टुलावर येऊन बसत. दूध वर येईपर्यंत काकांनी पाय फिरवायचे आणि बोलायचे. बस, तेवढेच. पहिल्या दिवशी काय बोलावे हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी दुकानातली घड्याळे एकेक करून सांगितली. कोणाचे लंबकाचे, कोणाचे वडिलांनी दिलेले, एक तर कोणी न्यायला सात वर्षे आलेच नाही. मध्येच थांबून त्यांनी छातीवर हात ठेवला. काकू म्हणाल्या, "पुढं सांगा. सात वर्षांनी काय झालं?" आणि त्यांनी पुढे सांगितले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. मध्ये काकू तापाने पडल्या आणि काका तीन दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले, "मोडलं बघ सगळं."

काकूंनी पलीकडच्या खोलीतून, पांघरुणातूनच विचारले, "दुरुस्त केलेलं घड्याळ तुम्ही लगेच गिऱ्हाइकाला देता का?"

"छे. आठ दिवस भिंतीवर चालवून बघतो."

"आणि मध्येच बंद पडलं तर?"

"पुन्हा चावी देतो. आठ दिवस पहिल्यापासून."

"फेकून नाही देत ना? मग बसा."

काका हसले आणि बसले. दूध उकळायला पाच मिनिटे लागत. काही दिवसांनी काकू दुधानंतर आणखी काहीतरी चुलीवर ठेवू लागल्या. काकांच्या ते ध्यानात आले होते, पण ते काही म्हणाले नाहीत. पाचाची दहा झाली, दहाची वीस. माझ्या चाकाला प्रथमच पायांचा खरा जोर कळला. तळव्यांचा घाम आता भीतीचा नव्हता. आठ आठ दिवसांची किती आवर्तने झाली ते मी मोजले नाही आणि त्यांनीही नाही.

मग एक सकाळ आली. त्या दिवशी ते दोघे खाली गेले. मी भिंतीकडे तोंड करून कान देऊन उभी होते. मला तेवढेच करता येते. बराच वेळ गेला. मग जिन्यातून पावले वाजली. पहिले वळण झाले. दुसरे वळण आले आणि पावले मंदावली. माझे चाक जागच्या जागी गोठले म्हणा. पण पावलांबरोबर आवाजही वर येत होता. काका बोलत होते. शब्द तुटत होते, मध्ये श्वास येत होता, पण ते कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते. ती गोष्ट संपली ती घराच्या दारात.

आता काका रोज दोनदा जिना चढतात. सकाळी दुकानाआधी काकूंबरोबर चालायला जातात. माझी गरज संपली. मी मात्र इथेच आहे. दार अर्धेच उघडते, समोर तीच भिंत आहे आणि हँडलवर पुन्हा टॉवेल आला आहे. ते गेले की घर शांत होते. मला वाईट वाटते, हे मी लपवणार नाही. एकदा खोटे लपवून बघितले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण कोपऱ्यात उभी असेल. तिच्यावर कपडे टाकलेत तरी चालेल, तिला पुसले नाहीत तरी चालेल. तुमचे बाबा, आई, मामा, आत्या, कोणी तिच्यावर बसले तर मात्र दारातून आकडा विचारून निघून जाऊ नका. एक स्टूल ओढून घ्या आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत जवळ बसा.