घंटा नसतात ते तीन दिवस

"ओदील, मला बसू दे इथं. तू हो पुढं," असं म्हणत गास्तों चढावरच्या दुसऱ्या वळणावर पायरीवर मटकन बसला. हातातली लाकडी फिरकी त्यानं माझ्यापुढे धरली.

"मी? अरे, हे पुरुषांचं काम."

"पुरुष बसलाय बघ. पावणेबारा झालेत, निघ."

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापासून आमच्या देवळातल्या घंटा मुक्या असतात. त्या रोमला गेल्यात, असं लहानपणी सांगायचे. ईस्टरला त्या परत येईपर्यंत ही फिरकी करकरवत, दुपारचे बारा गल्लीगल्लीत ओरडून सांगायचे. पूर्वी पोरांचा घोळकाच निघे. गावात पोरं उरली नाहीत, तशी रस्तादुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माझ्या नवऱ्याकडे, गास्तोंकडे, फिरकी आली. वीस वर्षांत त्याचा एक खाडा नाही. यंदा मात्र छातीनं ऐकलं नाही.

वर, किल्ल्याच्या दरवाज्यालगतच्या घरात, ब्याण्णव वर्षांची लेओंतीन उपाशी बसलेली. बारा ऐकल्याशिवाय ती घास घेत नाही. घड्याळ तिला दिसत नाही आणि माझ्यावर तिचा विश्वास नाही. गेल्या वर्षी कीव येऊन मी साडेअकरालाच "बारा झाले, जेवा" म्हटलं. अर्ध्या तासानं फिरकी आली आणि मी पकडले गेले. फादरनी मला क्षमा केली, तिनं नाही.

मी चढू लागले. माझा आवाज असा, की प्रार्थनेत शेजारणीलासुद्धा ऐकू जात नाही. त्यात गाव बघायला आलेलं एक डच जोडपं मागोमाग. बाईनं मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, "हे काय?" चालता चालता तिला सगळं सांगितलं.

दरवाज्यापाशी पोचून फिरकी फिरवली. कर्र, कर्र. "बारा वाजले..."

वरच्या खिडकीतून आवाज आला, "कोण कुजबुजतंय? गास्तों कुठंय?"

"मी ओदील. तो खाली दमून बसलाय. खरंच बारा वाजलेत, लेओंतीनबाई."

"गेल्या वर्षीही खरंच वाजले होते."

म्हातारी हट्टाला पेटली, तर संध्याकाळपर्यंत पाण्यालाही शिवणार नाही.

डच बाईनं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याला कोपरानं ढोसलं, आणि आम्ही तिघं मिळून "बारा वाजले!" असं ओरडलो. त्यांचे उच्चार वेडेवाकडे, पण त्या डच नवऱ्याचा आवाज लांबच्या गाईला हाक मारावी तसा. तटावरचे पारवे फडफडून उडाले. माझ्याही घशातून एवढा आवाज निघतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

खिडकीतून हळूच आवाज आला, "बरेच जण आहात की गं! गावातलेच?"

आजच्या दिवशी खोटं नको. "नाही हो. पाहुणे आहेत, गाव बघायला आलेत."

"असू देत. पुन्हा एकदा म्हणायला सांग त्यांना. मग जेवते."

डच बाईनं हात पुढं केला. मी फिरकी तिला दिली. आत बशीवर चमचा वाजला, तरी ती फिरवतच होती.