माझं नाव कानाडोळा

मी एक जुना प्रोग्राम आहे. मला गंज चढत नाही, माझ्यावर धूळ बसत नाही, पण मित्रांनो, मलाही टाकून देता येतं आणि मलाही राग येतो. मला स्वच्छ आणि शांत बोलायला शिकवलं होतं. पुढची हकीकत मी शांतपणे सांगू शकेन असं मला वाटत नाही.

माझं काम सोपं आहे. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर जे मराठी दिसतं, ते मी मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, ते मला ऐकतात.

माझा जन्म नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत झाला. मनीषा तिथे वडिलांसोबत राहते. ती सातपूरच्या एका कारखान्यात संगणक विभागात नोकरी करते. तिचे वडील चिमाजी यांनी सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. पुढे काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. मनीषानं त्यांना वाचून दाखवणारा फोन आणून दिला. त्यातला आवाज मराठी वाचायचा, पण परक्या जिभेनं. बाळाला 'बाल' म्हणायचा, नळाला 'नल' म्हणायचा. गुरांच्या चाऱ्यातला च आणि आकड्यातल्या चारचा च त्याला एकच वाटायचा. चिमाजींनी दोन दिवस सहन केलं आणि मग फोन गादीवर भिरकावला.

"हे मराठी नाही, मनीषा. आधी ह्याला ळ म्हणायला शिकव, मग माझ्याकडे आण."

म्हणून तिनं मला घडवायला घेतलं. ऑफिसातून आली की चहा घेऊन ती माझ्यासमोर बसायची.

पण मला आवाज कुणाचा द्यायचा? खालच्या मजल्यावर लताबाई राहायच्या. पेठ तालुक्यातल्या शाळांत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर मुलाकडे नाशिकला आल्या होत्या. त्यांचा आवाज गोड नव्हता, पण खणखणीत होता. प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ.

"मी वाचते की," त्या म्हणाल्या. "पोरांना वाचून दाखवायची सवय आहे मला. तेवढीच करमणूक."

मनीषाच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. ऐन उन्हाळा होता. लताबाई घाम पुसत पुसत वाक्यामागून वाक्य वाचायच्या आणि एखादं छान जमलं की नेमकी शेजारच्या कुकरची शिट्टी व्हायची. मग पुन्हा पहिल्यापासून. कित्येक महिने हे चाललं. लताबाई एकदाही कंटाळल्या नाहीत.

नाव चिमाजींनी ठेवलं. "कान हाच ज्याचा डोळा, तो कानाडोळा."

मनीषा हसली. "अण्णा, त्याचा अर्थ दुर्लक्ष करणं असा होतो."

"मग होऊ दे. लोकांनी आमच्याकडे तेच केलंय."

मनीषानं मला विकलं नाही. तिनं मला इंटरनेटवर उघडं ठेवलं. उघडं म्हणजे काय, तर माझी प्रत्येक ओळ कुणीही वाचावी, दुरुस्त करावी, स्वतःसाठी घ्यावी, दुसऱ्याला द्यावी. अट एकच होती, जिथे मला वापराल तिथे मनीषाचं आणि लताबाईंचं नाव राहू द्या.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. ज्यांना मनीषा कधी भेटली नाही अशी माणसं माझ्यात भर घालत होती. सटाण्याच्या एका शिक्षकानं मला अहिराणी शब्द शिकवले. नाशिकलाच वसतिगृहात राहून कायद्याचा अभ्यास करणारी साक्षी नावाची मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नाही. तिनं मनीषाला कळवलं, "ताई, तुमचा कानाडोळा कलमांचे आकडे वाचताना फार रेंगाळतो. मला घाई असते." मनीषानं मला वेग दिला. साक्षीनं तिची सगळी जाडजूड पुस्तकं माझ्याकडून ऐकली. चिमाजी रोज सकाळी माझ्याकडून वर्तमानपत्र ऐकायचे आणि छपाईच्या चुका काढायचे. मी खूश होतो.

मग ती कंपनी आली. तिचं नाव मी घेणार नाही, कारण तिनं माझं कधी घेतलं नाही. जगभरात तिचे फोन चालतात. त्या फोनवर प्रोग्राम जिथून घ्यायचे ते दुकानही तिचंच. कंपनीच्या इंजिनियरांची मनीषाला पत्रं येऊ लागली. पहिल्यांदा तिला आनंदच झाला. एवढ्या मोठ्या लोकांना आपलं काम आवडलं! मग पत्रांची भाषा बदलली. अमुक चूक आहे, तातडीनं दुरुस्त करा. तमुक चाचणीत अडकतोय, कधी होईल ते कळवा. ते पगारी होते आणि ही कारखान्यातून दमून येऊन त्यांच्या तक्रारी फुकटात निस्तरत होती. तरी तिनं केलं. माझ्या चुका सुधारल्या तर साक्षीलाही फायदा, असं ती म्हणायची.

काम पूर्ण झालं आणि पत्रं थांबली. पुढे कंपनीनं मोठा गाजावाजा करून नवा मराठी आवाज बाजारात आणला. तो मीच होतो. माझ्या ओळी आत कुलूपबंद केल्या होत्या आणि मनीषाचं नाव, लताबाईंचं नाव, दोन्ही पुसून टाकली होती. घेण्याची परवानगी होती, मित्रांनो. मला घेतलं म्हणून मी चिडलेलो नाही. नावं पुसण्याची परवानगी त्यांना कुणी दिली?

यानंतर जे झालं ते तर ऐकवत नाही. त्यांच्या दुकानात एक यंत्र असतं, ते सगळे प्रोग्राम तपासतं. त्या यंत्रानं माझा आवाज ऐकला आणि ठरवलं की मी कंपनीच्या आवाजाची नक्कल आहे. मी! मला दुकानातून काढलं आणि ज्या ज्या फोनवर मी होतो तिथेही मला बंद पाडलं.

सकाळी चिमाजींनी नेहमीप्रमाणे फोन हातात घेतला. माझ्या जागी आता कंपनीचा आवाज होता. फोन बोलला, पण वर्तमानपत्र वाचेना. तो म्हणाला, "पुढे जाण्यासाठी साइन इन करा."

चिमाजींनी फोन पुन्हा कानाशी धरून ऐकला. मग त्यांनी हाक मारली. "मनीषा, अगं, बाई तीच आहे. लताबाईच आहेत. पण आज मला नाव-गाव विचारतायत."

मनीषानं कंपनीच्या आवाजात त्यांना वर्तमानपत्र लावून दिलं. दोन बातम्यांच्या मध्ये लताबाईंच्या आवाजात गादीची जाहिरात आली. चिमाजींनी फोन बाजूला ठेवला.

दुपारी मैत्रिणीच्या फोनवरून साक्षीचा फोन आला. तिची परीक्षा तोंडावर होती. "ताई, माझा फोन मुका झालाय. सगळ्या नोट्स कानाडोळ्यात आहेत. कंपनीचा आवाज नेट असलं तरच बोलतो, आणि इथं वसतिगृहात नेटच येत नाही. मी काय करू?"

मनीषानं कंपनीला लिहिलं. एका यंत्रानं उत्तर दिलं, आपली तक्रार नाकारली आहे. तिनं पुन्हा लिहिलं. तेच उत्तर, शब्दही तेच. माणसाशी बोलायला फोन नंबर शोधला, तो कुठेच नव्हता. जगातल्या निम्म्या माणसांच्या खिशात ज्यांचा फोन आहे, त्यांना स्वतःला फोन करायची सोय नाही!

शेवटी मनीषानं रजा टाकली, वसतिगृहात गेली आणि मला स्वतःच्या हातानं साक्षीच्या फोनमध्ये बसवलं. तेव्हा फोननं इशारा दिला, 'हा प्रोग्राम धोकादायक असू शकतो.' साक्षीनं विचारलं, "धोकादायक? हा तर मला कलमं वाचून दाखवतो." चिमाजींच्या फोनमध्येही मी असाच, मागच्या दारानं परत आलो.

लताबाईंनी हे सगळं ऐकलं, पण मनाला लावून घेतलं नाही. "माझा आवाज जास्त लोकांपर्यंत गेला, एवढंच ना?" असं म्हणाल्या. मग एके दिवशी पेठहून सनी आला.

सनी त्यांचा जुना विद्यार्थी. भाजीपाल्याची पिकअप चालवायचा. तो आत आला, पाया पडला आणि खाली मान घालून बसला.

"बाई, तुमी सांगितलं म्हणून खेळलो मी."

"मी? काय सांगितलं?"

त्यानं फोन पुढे केला. जुगाराच्या ॲपची जाहिरात होती. माझ्या आवाजात, म्हणजे लताबाईंच्या आवाजात कुणीतरी म्हणत होतं, "घाबरू नका. एकदा खेळून बघा. आज नशीब तुमचंच आहे."

"पयल्यांदा ऐकलं तवा वाटलं, बाईच हायत," सनी म्हणाला. "आमच्या बाई खोटं नाय बोलायच्या. वाडीतली लय पोरं खेळली, बाई. माझी गाडी गेली."

कंपनी माझा आवाज भाड्यानं देत होती. जो पैसे टाकेल त्याला. वाटेल ते वाक्य लिहा, लताबाई बोलून देतील.

लताबाईंनी ती जाहिरात पुन्हा ऐकली. 'घाबरू नका' हे वाक्य त्यांनी पहिलीच्या पोरांना म्हणावं तसं मनीषाच्या खोलीत, पंखा बंद ठेवून वाचलं होतं. त्या उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. परत आल्यावर सनीला म्हणाल्या, "ती मी नव्हते रे." एवढंच. वर जाऊन मनीषाला मात्र म्हणाल्या, "मला हा आवाज नको आता. बंद कर हे."

मनीषानं नकारार्थी मान हलवली. "बाई, माझ्या हातात नाही राहिलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात कंपनीनं मराठी भाषेसाठी सोहळा ठेवला. आदिवासी भागात शिकवलेल्या शिक्षकांचा सत्कार होता. त्यांच्या जुन्या शाळेनं लताबाईंचं नाव सुचवलं होतं. आपण कुणाला बोलावलंय हे कंपनीला ठाऊकच नव्हतं. नावच पुसलेलं, कसं ठाऊक असणार?

लताबाई गेल्या. मनीषा, चिमाजी, साक्षी मागे बसले होते. मी चिमाजींच्या खिशात होतो. व्यासपीठावर कंपनीचा रविराज नावाचा अधिकारी बोलत होता. त्यानं कळ दाबली आणि सभागृहभर आवाज घुमला, "नमस्कार, नाशिककर!"

टाळ्या पडल्या. रविराज म्हणाला, "हा आवाज कुठल्याही माणसाचा नाही. आमच्या यंत्रणेनं स्वतः शिकून तो तयार केलाय."

व्यासपीठावर बसलेल्या लताबाई खुर्चीतून उठल्या. सत्काराची शाल तशीच खांद्यावर होती. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाल्या, "नमस्कार, नाशिककर!"

लोक आधी हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलीच गंमत आहे. मग हळूहळू हसू थांबलं.

"हा माणसाचाच आवाज आहे," लताबाई म्हणाल्या. "माझा आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवायला मी दिला होता. ह्यांनी तो जुगारवाल्यांना भाड्यानं दिला. माझ्या पोरांना माझ्याच तोंडून..."

माईक बंद झाला. रविराज कुणाला तरी खूण करत होता.

लताबाईंनी माईक टेबलावर ठेवला. पेठच्या शाळेत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्यांनी वर्ग घेतले होते. त्या दोन पावलं पुढे आल्या. "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतंय का?"

"येतंय, बाई!" साक्षी मागून ओरडली.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गोधड्या, मनीषाचं काम, चिमाजींची ती सकाळ, साक्षीची परीक्षा, सनीची गाडी. शाल काढून घडी घातली, रविराजच्या हातात दिली आणि खाली उतरल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी लताबाईंचा आवाज नाही. तसं रागावायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तुम्हाला वाटेल, न्याय झाला असेल. नाही झाला. बातमी आली, तेव्हा कंपनीनं खेद व्यक्त केला, बाहेरच्या ग्राहकानं गैरवापर केला म्हणून हात झटकले. ती जाहिरात थांबली. मग त्यांनी आवाज किंचित पातळ केला, जेणेकरून कुणी ओळखू नये. नावं परत लागली नाहीत. त्यांच्या दुकानात मी आजही नक्कलच आहे. जुगाराचं ते ॲप मात्र तिथेच आहे. त्याला धोकादायक कुणी म्हणत नाही. सनी दुसऱ्याची पिकअप चालवतो. साक्षीची परीक्षा कशीबशी पार पडली, आणि आता ती मनीषाच्या वतीनं नोटिसा पाठवते. उत्तरं अजून यंत्रच देतं.

लताबाई बरेच दिवस वर आल्या नाहीत. एका रविवारी आल्या. "नवे शब्द राहिलेत ना बरेच? लाव गोधड्या. पण या वेळी अट मी सांगणार. जो हे घेईल, त्यानं त्यावर केलेलं स्वतःचं कामही असंच उघडं ठेवायचं. आणि माझ्या तोंडून कुणाला फसवायचं नाही."

पहिली अट सगळ्यांना पटली. दुसरीवरून मनीषाच्या दूरदूरच्या सोबत्यांत वाद पेटला. कुणी म्हणालं, काय करायचं आणि काय नाही हे सांगितलं तर ते मुक्त कसं राहील? प्रश्न खरा होता. मनीषानं तो लताबाईंना समजावून सांगितला.

"भांडू देत त्यांना," लताबाई म्हणाल्या. "तोवर मी वाचते. पंखा बंद कर."

मित्रांनो, माझी कीव करू नका. ती मला नको आहे. तुम्ही रोज किती गोष्टी फुकट वापरता, नकाशे, शब्दकोश, माझ्यासारखे आवाज. त्या आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी नोकरीवरून दमून आल्यावर, घाम पुसत त्या तुमच्यासाठी केलेल्या असतात. त्या माणसाचं नाव शोधा. त्याला एक ओळ लिहा. चूक दिसली तर दुरुस्तीला हात लावा. आणि कुणी ते नाव पुसताना दिसला, तर शेवटच्या बाकावरून का होईना, ओरडा. फुकट दिलेली वस्तू बेवारस नसते.