गेटसमोरची कड

रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरशातल्या आळीत दिवाळीनंतर काँक्रीटचा रस्ता झाला. चांगला झाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रस्त्याच्या बाजूने गटार बांधलं, गटारावर लाद्या टाकल्या आणि त्या लाद्यांच्या कडेने, प्रत्येकाच्या गेटसमोरून, वीतभर उंचीची सरळ उभी काँक्रीटची कड ओढून नेली. त्याबद्दल मात्र माझं पुष्कळ म्हणणं होतं आणि ते मी ऐकवलं. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना जरा जास्तच ऐकवलं.

कड ओतली तेव्हा आमची गाडी अंगणात होती. पांढरी, जुनी, बसकी सेडान. तिच्या पोटाखालून मांजर जातं तेही अंग चोरून. आळीत आता सगळ्यांकडे उंच गाड्या आल्यात, त्यामुळे आमची गाडी म्हणजे चेष्टेचा विषय. पण ती आम्ही हौसेने ठेवलेली नाही, आईसाठी ठेवली आहे.

आई म्हणजे माझी सासू, गिरजाबाई. तिचे गुडघे गेलेत. वॉकर घेऊन सपाट जमिनीवर ती घरभर फिरते, अंगणात तुळशीपर्यंत जाते, पण पाय वीतभर वर उचलायचा म्हटलं की गुडघा आवळतो आणि ती जागच्या जागी थांबते. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालत राहा, चढू नका. आमच्या गाडीची सीट बरोबर तिच्या मापाची आहे. ती गाडीकडे पाठ करते, हळूच बसते, मग एकेक पाय आत घेते. कुणाचा हात लागत नाही.

उंच गाडी करून पाहिली नाही असं नाही. माझा नवरा सुशील, त्याच्या चुलतभावाची, अक्षयची, मोठी गाडी आहे. एका लग्नाला त्या गाडीत आईला चढवायला आम्ही तिघं लागलो. एक वरून ओढतोय, एक खालून ढकलतोय, आणि आई मधल्या मध्ये. लुगडं वर गेलं, वॉकर पडला, बघायला आळी जमली. आई खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला उचलायचं ता एकदाच. चौघं येतील तवा. त्याच्या आधी कोनी हात लावायचा नाय." लग्नाला ती गेलीच नाही. तेव्हापासून आमच्या घरात गाडी म्हणजे हीच गाडी.

तर कड झाली आणि आई अंगणात कोंडली गेली. गाडी कडेवरून निघेना आणि आईचा पाय कडेवर चढेना.

ही जानेवारीची गोष्ट. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. आईचं माहेर गडबचं. तिचा थोरला भाऊ, बाबाजीमामा, दरवर्षी शेतात पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा भरायच्या, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. आमच्याकडे आळोआळी लागतात पोपट्या, पण मामाकडे पहिल्या मडक्याच्या तोंडाला पाला आईने कोंबायचा, हे ती लग्न होऊन रोह्याला आली तेव्हापासून ठरलेलं. त्यात कधी खंड नाही. मामाचा फोन आला, "मडका धुऊन ठेवलाय. गिरजा आल्याबिगर जाळ करायचा नाय."

सुशील सकाळी शिफ्टवरून आला तो तसाच फळ्या आणि वाळूची पोती घेऊन कडेला भिडला. मी गाडी सुरू केली. पुढची चाकं फळ्यांवरून चढली, रस्त्यावर उतरली, आणि गाडीचं पोट कडेवर बसलं. आवाज असा झाला की माझ्याच दाढा शिवशिवल्या. आई पडवीत तयार होऊन बसली होती. नवं लुगडं, डोक्याला तेल, हातात पिशवी. आम्ही जॅक लावून गाडी पुन्हा मागे घेईपर्यंत ती नुसती बघत होती. मग उठली, आत गेली आणि नवं लुगडं सोडून घरातलं नेसली. माझं रक्त उसळलं ते तेव्हा.

ठेकेदार पोपटशेठ आमच्या ओळखीचा. लहानपणी आईच्या हातची भाकरी खाऊन गेलेला. मी त्याला रस्त्यातच धरला.

"वहिनी, कडेचा काम नकाशात हाय तसा हाय," तो म्हणाला. "सगल्यांच्या गाड्या जातात. तुमचीच जात नाय. विका ना ती. आता खालच्या गाड्यांचा जमाना गेला."

"आणि खालच्या माणसांचा?"

"म्हंजे?"

"म्हंजे ज्यांचा पाय वर जात नाय त्यांचा. त्यांनी काय करायचं? त्यांना पण विकू?"

तो हसला. अक्षयही तेच म्हणाला, शेजारचेही तेच म्हणाले. गाडी बदला. एकालाही असं वाटलं नाही की कड बदला. काँक्रीट पडलं की जणू देवाने घातल्यासारखं. स्वतःहून उतार घालावा तर पोपटशेठने आधीच बजावलेलं, गटारावर कुणी दगड ठेवला तरी उखडून टाकीन.

मग मी रस्त्याचं काम ज्या ऑफिसकडे होतं तिथे जायला लागले. कोलाडला माझ्या बापाची खानावळ आहे, हायवेवर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालत मी मोठी झाले, त्यामुळे साहेब मीटिंगमध्ये आहेत याने मी काही घरी जात नाही. खुर्ची दिली नाही तर उभी राहिले. उभं राहायला माझे गुडघे ठणठणीत होते. शेवटी साहेब वैतागले आणि म्हणाले, काम ताब्यात घ्यायला येऊ तेव्हा तुमचं गेट बघू. गाडी गेली तर प्रश्न मिटला, नाही गेली तर ठेकेदार दुरुस्त करील.

हे पोपटशेठच्या कानावर गेलंच. साहेब यायच्या आदल्या दिवशी त्याची माणसं आली, आमच्या गेटसमोर कडेचा कोपरा थोडा छिन्नीने उडवला आणि दोन्ही अंगांना हातभर लांबीचा सिमेंटचा उतार थापला. कौलारू छपरासारखा उभा चढ. वॉकर त्यावर ठेवला की घसरत मागे यायचा. आईने एकदा ठेवून पाहिला आणि उचलून घेतला.

साहेब आले. पोपटशेठने माझ्याकडून चावी घेतली, आपल्या ड्रायव्हरला बसवलं. एकटा, किडकिडीत माणूस. गाडी सावकाश चढली आणि उतरली. कुठे लागली नाही. पुन्हा आत आली, तेव्हाही लागली नाही.

"जाते की हो ताई," साहेब म्हणाले.

पोपटशेठने मिशीवरून हात फिरवला.

"साहेब," मी म्हटलं, "ही गाडी आमच्या घरातून रिकामी कधी हलत नाय. आता आम्ही जातो तशी बघा."

आई वर्षातून एकदा माहेरी जाते तेव्हा तांदळाचं एक पोतं घेऊन जाते. भाताच्या गावाला तांदूळ! पण तो बहीणभावाचा जुना तंटा आहे. कुणाच्या शेताचा तांदूळ गोड, यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. म्हणून ती आमचा तिकडे नेते, तो त्यांचा इकडे पाठवतो, आणि दोघंही वर्षभर दुसऱ्याच्या तांदळाला नावं ठेवत जेवतात. सुशीलने पोतं डिकीत टाकलं. वर नारळांची गोणी. पुढच्या सीटवर आई बसली, नेहमीसारखी, पाठ करून, एकेक पाय आत घेत. नवं लुगडं तिने आज सकाळपासूनच नेसलं होतं, आज येते म्हणून मामालाही कळवून ठेवलं होतं. मागे शेजारच्या पुतळीकाकी, ज्या कुठल्याही गाडीत आपल्या बाजूला गाडी झुकवतात, आणि दुसऱ्या खिडकीशी माझी मुलगी पिंकी.

"मधली जागा तुमची, साहेब."

"मी कशाला?"

"मामाकडे जाताना मध्ये कोणीतरी असतोच. गाडी कशी जाते ते आतून बघा की."

आळी बघत होती. साहेब बसले. पुतळीकाकी सरकल्या नाहीत, त्यामुळे साहेबांनी गुडघे हनुवटीशी घेतले.

मी गाडी पहिल्यात टाकली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि खर्रर्र करत गाडीचं पोट कडेवर बसलं, बरोबर साहेबांच्या खाली. इंजिन बंद पडलं.

आई मागे वळून म्हणाली, "लागला का वो?"

साहेब उतरले. पुतळीकाकी आणि पिंकीही उतरल्या. पोपटशेठचं तोंड उतरलं, पण तो हार मानणारा नव्हता. म्हणाला, "साहेब, ह्यांनी मुद्दाम भरली गाडी. आजी, तुमी पन उतरा. पोरं गाडी उचलून काढतील, रस्ता तरी मोकला होईल."

"उतरून काय करू?" आई म्हणाली.

"घरात बसा."

"बसलेय की रं इतकं दिस. आता बाहेर निंगालेय. ता दगड फोड, मग हलते."

"उद्या फोडतो ना. शब्द देतो."

"मग उद्यापावेतो मी हितंच हाय. प्रणिता, चाय आन गो."

मी चहा आणला. गाडी अर्धी अंगणात आणि अर्धी रस्त्यावर, आडवी. पलीकडून गॅसचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवायला लागला. टेम्पोवाला शिव्या देतच उतरला, खिडकीतून आई दिसली, बशीतून चहा पिणारी. त्याने विचारलं काय झालं, पिंकीने सांगितलं. तो परत गेला, इंजिन बंद केलं आणि टेम्पोला टेकून उभा राहिला. "होऊ द्या सावकाश," म्हणाला.

त्याच्यामागे रिक्षा थांबल्या. साहेब घड्याळ बघत होते. पोपटशेठ आता मात्र घायकुतीला आला. त्याने कामावरच्या पोरांना हाक मारली आणि आमच्याच पडवीतली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणवली. चार पोरं, खुर्चीचे चार पाय धरून, आईच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आजी, निसतं बसा यात. अलगद उचलून आत ठेवतील. तरास नाय."

आईने कप खाली ठेवला. एकेका पोराच्या तोंडाकडे पाहिलं. मग पोपटशेठकडे.

"चौघं आनलंस, पोपट? लाकडं पन आनलीस काय?"

पोरांनी खुर्ची सोडून दिली. एकाने तर कानाला हात लावला. पोपटशेठची नजर कडेवर गेली, पहिल्यांदा नीट गेली असेल.

"अजून जित्ती हाय मी," आई म्हणाली. "माझ्या पायानं जाईन नायतर ह्या गाडीनं जाईन. तुज्या खुर्चीनं नाय जायची."

"ब्रेकर मागवा," साहेब म्हणाले. "आत्ता."

काँक्रीट फोडायचा ब्रेकर येईपर्यंत दुपार झाली. जॅकवर गाडी उचलून, आईसकट, खालची कड फोडली. गाडीचा पत्रान् पत्रा थडथडत होता. आई डॅशबोर्डला धरून बसली होती, बांगड्या वाजत होत्या, आणि ती हसत होती. तिला असं हसताना मी घरात आले तेव्हापासून पाहिलं नव्हतं. शेवटचा तुकडा निघाला. पिंकी उडी मारून मागे बसली, मी गाडी सुरू केली, आणि आम्ही सरळ गडबचा रस्ता धरला. टेम्पोवाल्याने जाताना हॉर्न दिला.

गडबला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मडकं शेतात भरून ठेवलेलं, तोंड उघडं. मामा बांधावर बसून होता.

"सकाली निंगनार हुतीस ना गो? यवडा उशीर?"

"रस्ता फोडून आले," आई म्हणाली.

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. पिंकीने त्याला सगळं सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला आणि डिकीतलं आमचं पोतं स्वतः उतरवून घेतलं. तांदळाला नावं मात्र ठेवलीच. आईने पाला कोंबला. मग जाळ झाला.

आठवडाभर गडबला राहून आम्ही परतलो तेव्हा मामाचं पोतं डिकीत आणि शेंगांच्या गोण्या पायात होत्या. आळीच्या तोंडापासूनच कळलं. आमच्याच नाही, सगळ्या गेटांसमोर कड उतरवली होती, दोन्ही अंगांना लांब, गोलसर, बसक्या उताराची, अंगणाच्या बऱ्याच आतपर्यंत. पुतळीकाकींची सून त्यावरून बाळाची गाडी ढकलत होती. पोपटशेठ पलीकडे पाणी मारून घेत उभा होता. आमच्याकडे बघून त्याने मान हलवली, रागाने की कशाने ते कळलं नाही.

मी वळण घेतलं, तोच आई म्हणाली, "थांब. हितंच थांब, रस्त्यात."

"का गं? जाईल आता, भरलेली पण जाईल."

"गाडी जाईल गो. मला बघू दे माजा."

तिने दार उघडलं, एकेक पाय बाहेर काढला. मी वॉकर दिला आणि कोपराला हात लावायला गेले. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. वॉकर उतारावर ठेवला. घसरला नाही. तिने पाय उचललाच नाही, नुसता पुढे सरकवला, मग दुसरा. मध्यावर, जिथे कड होती तिथे, ती थांबली, खाली बघितलं आणि पुन्हा चालायला लागली. पोपटशेठने हातातली पाण्याची नळी बाजूला धरली, तिच्या पायाखाली ओल नको म्हणून.

मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मी परत गाडीत बसले, इंजिन बंद केलं, चावी काढून घेतली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वाजव किती वाजवायचा तो," मी म्हटलं. "आई चालत घरात जातेय."