तांब्या धरलेला हात

बायको मंजुळा गेल्याची बातमी आली तेव्हा चिमाजी पिंपरीच्या रस्त्याकडेला, विकायच्या प्लॉटांवर उभा राहून पेपरच्या वार्ताहराला विहिरीचं पाणी किती गोड आहे ते सांगत होता.

तिचा भाऊ दत्तोबा सायकल दामटत आला. सायकल त्यानं बांधावरच टाकली. "दाजी, ताई गेली," तो म्हणाला. विषमज्वर झाला म्हणून तिला पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आदल्या दिवशीच निरोप होता, ताप उतरलाय. म्हणून तर चिमाजी मुलाखतीला उभा राहिला होता.

वार्ताहर लक्ष्मणराव म्हणाला, "असू द्या, असू द्या, मला हवं तेवढं मिळालंय." आणि वही खिशात घालून निघून गेला.

चिमाजीचा धंदा जमिनीच्या दलालीचा. गावच्या शेतांचे प्लॉट पाडायचे आणि नव्या कारखान्यांत लागलेल्या लोकांना घरासाठी विकायचे. धंद्याची त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक प्लॉट फिरून आलं की विहिरीपाशी आंब्याखाली बसवायचं. मग मंजुळा गूळ-पाणी घेऊन यायची. तिच्या हातचा गूळ तोंडात टाकला की माणूस शब्द फिरवत नसे. पण पुण्याचे दलाल पेपरात जाहिराती द्यायला लागले, तसं चिमाजीलाही वाटलं, आपलंही नाव छापून यावं. त्यानं लक्ष्मणरावाला दोनदा जेवू घातलं. ती आजारी पडायच्या थोडंच आधी लक्ष्मणराव फोटोवाल्याला घेऊन आला. अर्जुनराव त्याचं नाव. तिपाईवरच्या कॅमेऱ्यानं त्यानं फोटो काढला: पाटी, चिमाजी आणि तांब्यातून पाणी ओतणारी मंजुळा. तिचा जन्मात निघालेला तेवढा एकच फोटो. लग्नात कुणाच्या बापानं फोटो काढला होता!

दुसऱ्या दिवशी पेपर आला. अस्थी गोळा करून चिमाजी नदीवरून परतला तर शेजाऱ्यानं तो हातात दिला. फोटोत चिमाजी होता, 'प्लॉट विकणे आहेत' ही पाटी अक्षर न् अक्षर वाचता येत होती, आणि कडेला तांब्या धरलेला एक हात होता. कोपरापाशी मंजुळा कापलेली.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत बसले होते. तिथं एक अनोळखी माणूस तोच पेपर घेऊन आला. "प्लॉटवाले चिमाजीराव आपणच का? त्या गूळ-पाणी देणाऱ्या बाई कुठं असतात?"

दत्तोबा त्याच्या अंगावर धावून गेला. चिमाजीनं त्याला धरलं. "सोड त्याला. त्यानं छापलं न्हाई."

दिवस उरकले आणि चिमाजी पेपरच्या कचेरीत गेला. लक्ष्मणराव चहा पीत होता.

"अहो, जागाच तेवढी होती. आणि पाटी दिसली पाहिजे, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"पाटी दिसू द्या म्हणालो. बायको कापा म्हणालो न्हाई."

"रागावू नका. ज्या काचेवर फोटो उतरतो, ती काच अर्जुनरावाकडे असणार. त्या काचेवरून पुन्हा हवा तेवढा मोठा फोटो निघतो. मी सांगतो त्याला." मग खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "पण चिमाजीराव, एक मुलाखत होऊन जाऊ द्या. दुःखावर. लोक अशी मुलाखत वाचतात. वहिनींचं काय आठवतं?"

फोटो पाहिजे होता म्हणून चिमाजी बसला. मग म्हणाला, "ती गुळाचा खडा मोठा द्यायची. मी म्हणायचो, बारीक फोड की. तर म्हणायची, घर बांधणारं माणूस हाय, तोंड तरी गोड होऊ द्या."

छापून आलं ते असं: साक्षात अन्नपूर्णेच्या स्मरणार्थ शोकाकुल पतीने नव्या वसाहतीस मंजुळानगर हे नाव देण्याचा संकल्प सोडला आहे. गुळाचा खडा कुठंच नव्हता. चिमाजीनं संकल्प-बिंकल्प काही सोडला नव्हता. पण रविवारी प्लॉटांवर माणसांची जत्रा भरली. "मंजुळानगर हेच ना?" असं जो तो विचारी, आणि चिमाजीला दर वेळी व्हय म्हणावं लागे.

तो अर्जुनरावाच्या दुकानी गेला. अर्जुनराव भला माणूस. त्यानं सगळी खोकी काढून बघितली. मग त्याचा चेहरा उतरला.

"चिमाजीराव, तुमची काच धुतली गेली. बाजारात काच मिळंना. पेपरात छापून झालेल्या काचा आम्ही सोड्यानं धुतो आणि फ्रेमीला लावतो. लक्ष्मणराव काही बोलले नाहीत हो मला."

"कुठल्या फ्रेमीला?"

अर्जुनरावानं भिंतीकडं बोट केलं. त्या मापाच्या चार-पाच फ्रेमी टांगलेल्या होत्या. कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, एक फेटेवाला म्हातारा. "यातलीच एखादी. आता कसं सांगू?"

चिमाजी एकेका काचेजवळ तोंड नेऊन बघत राहिला. काचा लख्ख होत्या.

"चांगल्या धुता की," म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

चार दिवसांनी लक्ष्मणराव स्वतःहून पिंपरीला आला. आंब्याखाली बसला. पाणी मागितलं नाही आणि चिमाजीनं दिलं नाही.

"मंजुळानगरनं कमाल केली बुवा! साहेब म्हणतात, अर्धं पान देऊ. फक्त वहिनींचा एखादा चांगला फोटो द्या. चेहरा दिसेल असा."

शिवी चिमाजीच्या तोंडाशी आली होती, ती तिथंच राहिली.

"त्यो तुमच्याकडंच होता, लक्ष्मणराव," तो म्हणाला. "जावा आता. गिऱ्हाईक यायचंय."

पुढं त्या जागेवर मंजुळानगरची पाटी लागली. लोक घरं बांधून राहायला आले. चिमाजीच्या घरात देव्हाऱ्याशेजारी खिळा ठोकलेला आहे. मंजुळाचा फोटो लावायचा राहिला आहे.