सव्वीसच्या वरची खूण

मी जपानातली, पिवळ्या नंबरपाटीची छोटी घरगुती गाडी बोलतेय, आणि आधी हे ऐका: माझे ब्रेक शाबूत होते. पहिल्या दिवसापासून सांगतेय, कुणी मानत नाही. माझा मालक मोरेश्वर भेटेल त्याला सांगतो, "जुनी गाडी, ब्रेकच लागला नाही." गॅरेजवाल्यानं तपासून कागद दिला तरी तेच.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिली मालकीण एक जपानी म्हातारी. इथं कासाईला, समुद्राकाठच्या वस्तीत, समुद्राचा खारा वारा पत्रा खातो, म्हणून मला दर रविवारी पुसायची. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा तिनं आपण होऊन लायसन्स परत केलं आणि मला विकलं. शहाणी बाई.

मग मोरेश्वर. पुण्याचा, कॉम्प्युटरच्या कामावर आलेला, वय एकावन्न. चौदा वर्षं इथं राहून जपानी वाचता येत नाही आणि त्याची लाजही नाही. घरातला प्रत्येक जपानी कागद मुलगी नुपूर वाचते, चौथीत होती तेव्हापासून. आता ती एकोणीसची. एप्रिलमध्ये सेंदाईला शिकायला जायची होती. नुकतं लायसन्स मिळालं तेव्हा नवशिक्यांचं हिरवं-पिवळं पान तिनं माझ्या पाठीवर चिकटवलं आणि दोनदा हात फिरवून बघितलं, नीट बसलंय ना.

विम्याचा फॉर्म तिनं माझ्याच सीटवर बसून वाचला, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये.

"बाबा, वय विचारलंय. सव्वीसच्या वर, की सगळी वयं? सगळी घेतली तर हप्ता दुपटीच्याही वर जातो."

"मी एकावन्नचा. सव्वीसच्या वर कर."

"तुमचं नाही विचारलं. चालवणाऱ्यांत सगळ्यात लहान कोण, त्याचं."

"मालक मी, वय माझं. पुण्यात पंधरा वर्षं विमा भरला, कुणी वय विचारलं नाही. विमा गाडीचा असतो, माणसाचा नसतो. कर खूण."

पोरीनं केली. काय करणार?

तरुण पोरं जास्त धडकतात म्हणून कंपन्या जास्त पैसे मागतात, हे मला कळतं. पण ज्या घराला तो विमा सगळ्यात जास्त लागतो, त्याच घराला तो नकोसा होतो. माणसांचं हे मला कधी पटलं नाही.

सप्टेंबरात वादळ आलं. मोरेश्वरची बायको शैलजा कामावरून येताना स्टेशनवर अडकली. हा कानात ऑफिसची मीटिंग लावून पार्किंगपर्यंत आला आणि पोरीच्या हातात किल्ली दिली.

"बाबा, दामे. नको. माझा विमा नाही."

"दोन चौक जायचंय. आई तिकडे भिजतेय आणि ही मला कायदा शिकवते."

दुसऱ्या चौकात एक आजोबा सायकलवर आले, छत्री उलटी झालेली. पोरीनं ब्रेक दाबला. लागला. पण ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर मी सरकत गेले. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. ते आता चालत नाहीत, परत चालतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

सक्तीच्या विम्यानं थोडं दिलं आणि तो संपला. फॉर्म भरलेल्या मोठ्या विम्यानं एकोणीस बघितलं, सव्वीस बघितलं, फाईल मिटली. सेंदाईचे पैसे आजोबांच्या घरी गेले, आणि अजून पुष्कळ जायचेत.

मला उद्या भंगारात नेतील. जाताना एवढंच सांगते, पोराच्या हातात किल्ली देण्याआधी तो रकाना त्याच्याकडून वाचून घ्या आणि त्याचं ऐका. कुणी ऐकेल असं मला वाटत नाही.

काल विम्याचा माणूस शेवटचे फोटो काढायला आला. वाकून नमस्कार केला आणि जपानीत विचारलं, वयाची खूण कुणी केली. मोरेश्वरला कळलं नाही, पोरीनंच मराठीत सांगितलं. मोरेश्वरनं शैलजाकडे बघितलं. शैलजा खाली बघत राहिली.

"सांग त्याला," तो म्हणाला. "मला वाचता येत नाही. फॉर्म कुणी भरला ते सांग."

माणूस पेन उघडून थांबला. पोरीनं त्याला आपल्या तोंडानं, हळू, नीट लिहून घेता येईल असं सांगितलं: नुपूर.